अनुभव धागा: अ‍ॅनिमेच्या (म्हणजे जपानी कार्टूनच्या) कुठल्या गाण्याने तुम्हाला रडवलंय?

काल भांडी घासताना फोनवर गाणी चालू होती आणि मधेच 'सीक्रेट बेस' लागलं. हात साबणाचे, बदलता येईना, मग काय, कढई हातात धरून गाणं संपेपर्यंत तशीच उभी. नवरा येऊन बघून गेला, काही बोलला नाही, शहाणा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'आनोहाना' नावाची २०११ ची सिरीज आहे, फक्त ११ एपिसोड. चिचिबू नावाच्या डोंगराकडच्या गावातली सहा मुलांची टोळी, त्यातली मेन्मा लहानपणीच जाते, बाकीचे मोठे होतात, एकमेकांना टाळायला लागतात, आणि एका उन्हाळ्यात ती परत दिसायला लागते, पण टोळीतल्या एकालाच. गाणं मुळात सिरीजचं नाहीच, झोन नावाच्या मुलींच्या बँडचं, २००१ चं. त्यात निरोप घेणारे म्हणतात की दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये परत भेटू. आणि सिरीज आली बरोब्बर दहा वर्षांनी! नव्याने गायलंय सिरीजमधल्याच तिघी आवाज देणाऱ्यांनी, म्हणजे गेलेल्या मेन्माचा आवाजही त्यात आहे. वर लबाडी अशी की शेवटचा सीन चालू असतानाच मागून हळूच सूर सुरू होतो, आपण गाफील. दर एपिसोडला तोच डाव आणि दर एपिसोडला मी फसले.

आमचीही टोळी होती. मिरजेला वाड्यात पाच जणं, जिन्याखालची जळणाची खोली हा आमचा अड्डा. वाडा पाडला. कोणी गेलंबिलं नाही हो, सगळे धडधाकट आहेत, पण ग्रुपवर वाढदिवसाला केकचं चित्र टाकण्यापलीकडे बोलणं नाही. आता हे गाणं लागलं की मला चिचिबू दिसत नाही, त्या खोलीतला ओल्या लाकडाचा वास येतो.

तर सांगा तुमचे. अट एकच, नुसतं गाण्याचं नाव टाकून पळायचं नाही.

उशिरा_उठणारा
बिंक्स नो साके. पळालो.

टाळकरी
त्याला पळू दे, मी सांगतो. 'वन पीस' सिरीजमधला ब्रूक, हाडांचा सापळा, त्याच्या जहाजावरचे सगळे विषाने मरायला टेकलेत, आणि ते ठरवतात की मरायच्या आधी मित्रासाठी एक गाणं रेकॉर्ड करायचं. गाणं एकदम खुशीचं, दारू पिऊन म्हणायचं. वाजवता वाजवता एकेक जण गळत जातो, चौघं, तिघं, दोघं, शेवटी एकटा ब्रूक. रडका सूर कुठे नाही, हेच बेकार आहे.

आमच्या गावात आजोबांचं भजनी मंडळ होतं. मी लहान असताना अकरा जण असायचे, बारावीत होतो तेव्हा पाच. शेवटच्या एकादशीला पेटीवर आजोबा आणि टाळ धरायला मी, ज्याला धड ताल कळत नाही. आजोबा म्हणाले वाजव रे, थांबू नको. मी ब्रूकचा तो एपिसोड हॉस्टेलवर बघितला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

रविवार_सकाळ
आमच्या काळात अ‍ॅनिमे हा शब्दच नव्हता, तरी माझं घ्या. 'जंगल जंगल बात चली है'. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची, शेरखानला आवाज आपल्या नानाचा, मग ते कार्टून जपानी आहे हे कोणाच्या डोक्यात येणार? मला नोकरीला लागल्यावर कळलं. मग मूळ जपानी गाणं शोधून ऐकलं, चांगलंय, पण अगदी परकं वाटलं, आपल्या घरात दुसरंच कोणीतरी राहायला आल्यासारखं.

आमच्याकडे टीव्ही नव्हता, कुलकर्णी काकूंकडे जायचो, दारातच बसायचं, आत सोफ्यावर नाही. गाणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं आणि मी अर्ध्या आंघोळीतून पळायचो. रडण्यासारखं त्यात काय आहे विचारू नका, चड्डी पहनके फूल खिला है यावर कोणी रडतं का. पण मागच्या वर्षी काकूंच्या तेराव्याला त्या दारात चपला काढल्या आणि डोक्यात तेच गाणं सुरू झालं.

चिंटूची_आई
डोरेमॉनवर माझा राग होता हे आधीच सांगते. आमच्या घरात तिन्ही पिढ्या मराठी बोलणाऱ्या आणि चिरंजीव पोळी मागताना 'मम्मी मुझे भूख लगी है'. सासूबाईंनी तर रिमोटच्या बॅटऱ्या लपवल्या होत्या. मग त्याच्या मोठ्या मावसभावाने 'स्टँड बाय मी डोरेमॉन' लावून दिला, २०१४ चा पिक्चर, जपानी आवाजातलाच, खाली सबटायटल. चिंटूला वाचता येईना म्हणून मला शेजारी बसावं लागलं, मी मटार सोलत बसले. डोरेमॉनला परत जायचंय आणि नोबिता त्याला काळजी नको म्हणून दांडगट जियानशी एकटा मारामारी करतो, मार खातो, उठतो, परत मार खातो. त्यानंतर मटार तसेच राहिले.

शेवटी गाणं लागतं, मोतोहिरो हाताचं, 'हिमावारी नो याकुसोकु', सूर्यफुलाचं वचन. चिंटू माझ्याकडे बघून म्हणाला, आई तू का रडतेस, मी तर रडलो पण नाही. (मराठीत म्हणाला!) नंतर गाण्याचा अर्थ बघितला तर पहिलीच ओळ जवळजवळ हीच, तू का रडतोयस, मी तर अजून रडलोही नाही. अंगावर काटा आला. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही.

स्किप_करू_नका
ओपनिंग, म्हणजे सिरीजचं सुरुवातीचं गाणं, दीड मिनिटाचं असतं, लोक ते पण स्किप करतात, त्यांना माझा नमस्कार.
'डिजिमॉन' सिरीजचं 'बटर-फ्लाय' घ्या. इंग्लिश डबमध्ये हे गाणंच काढून दुसरं घातलेलं, त्यामुळे लहानपणी ऐकलंच नव्हतं. गायक कोजी वादा २०१६ मध्ये कॅन्सरने गेला, ४२ वर्षांचा, त्या बातमीखाली कोणीतरी लिंक टाकली होती तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. शेवटच्या एपिसोडमध्ये मुलं ट्रेनमधून निघतात, त्यांचे जोडीदार प्राणी, म्हणजे डिजिमॉन, मागे धावतात, त्या मुलांतल्या मिमीची टोपी उडते आणि त्यावर हे गाणं. ऑफिसमध्ये बघू नका.

कोरडा_पाषाण
मला हे सगळं ठरवून रडवणं वाटतं. पियानो, पाकळ्या, हळू आवाजात एक बाई, झालं.
('योर लाय इन एप्रिल' सिरीजच्या शेवटाला अपवाद. त्याबद्दल विचारू नये.)

निशिकासाईकर
पाषाणभाऊ, तुमच्यासाठी एक न रडवणारं. 'स्पिरिटेड अवे'चं शेवटचं गाणं. गाणारी योमी किमुरा, आणि वाजतं फक्त एक लायर, छोटं तंतुवाद्य, तेही तिचंच. मजा म्हणजे ते त्या पिक्चरसाठी केलेलं नव्हतंच, दिग्दर्शक मियाझाकींच्याच दुसऱ्या, न बनलेल्या पिक्चरसाठी होतं. ऐकताना गळा वगैरे दाटत नाही, उलट दमून आल्यावर कोणीतरी पंखा लावून द्यावा तसं होतं.

इथे तोक्योत आम्ही दोघंच राहायचो, पहिल्या हिवाळ्यात बायकोला भाषा येत नव्हती, मी रात्री दहाला घरी. ती युट्यूबवर बघून जपानी शिकायची ती या गाण्यावरून, एका वहीत डावीकडे हिरागाना, म्हणजे जपानी लिपी, आणि उजवीकडे देवनागरी. मी आलो की एक नवी ओळ म्हणून दाखवायची, चुकीच्या चालीत. पुढे तिला छान जपानी यायला लागलं, वही कुठल्यातरी घर बदलण्यात गेली. मला अजूनही गाणं तिच्याच चुकीच्या चालीत येतं, मूळ ऐकलं की वाटतं ही बाई चुकतेय.

रशियन_ताई
वाचत बसले होते, आता लिहितेच. 'फुलमेटल अल्केमिस्ट', २००३ ची, त्यातलं 'ब्रदर्स'. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला जातात, त्यात मोठ्याचा पाय जातो आणि धाकट्याचं अख्खं शरीर, मग मोठा स्वतःचा हात देऊन धाकट्याचा जीव एका चिलखतात अडकवून ठेवतो. गाणं रशियनमध्ये आहे. जपानी सिरीजमध्ये रशियन का, देव जाणे, पण मी तेव्हा रानडे इन्स्टिट्यूटला रशियन शिकत होते, विभक्ती पाठ करून मेटाकुटीला आलेली. आतापर्यंत नुसता सूर म्हणून ऐकत होते आणि एके दिवशी बसमध्ये, लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये, शब्द सुटे होऊन कानात आले. मोठा भाऊ धाकट्याची माफी मागतोय. चूक माझी होती, तुझी नाही, असं.

माझा धाकटा भाऊ दहावीत असताना मी त्याला स्कूटी शिकवायला घेऊन गेले होते. लायसन नव्हतंच त्याला. मीच म्हटलं, जा रे, काही होत नाही. पायात सळई घातली, सहा महिने गेले, क्रिकेट सुटलं ते सुटलंच. त्याने कधी शब्दानेही काढलं नाही. मी पण नाही. डेक्कनला उतरायचं होतं, पुढे तीन स्टॉप गेले तरी कळलं नाही.

लंगडी_घालणारा
तायडे, हे तूच आहेस ना? सळई नाही गं, प्लेट आणि सात स्क्रू. रशियन ठीके, पण घरी तू सांगितलंस की मी चावी चोरून नेली होती, ते लिहायचं राहिलं. बाबा अजून तेच धरून बसलेत. या रविवारी ये आणि सांग.