'काळा चट्टा' लिहिलं आणि काकूंनी पदर ओढला: वांगाला काय म्हणायचं?

पऱ्हाटी: कातडीच्या तक्रारींवर गावोगाव वाटायची एक माहितीपत्रिका मराठीत आणतेय. मूळ मजकुरात 'डार्क पॅच' आहे, मी 'चेहऱ्यावरचे काळे चट्टे' केलं. कापूस वेचणीवरून आलेल्या बायांना ते वाचून दाखवलं, तर समोरच्या काकूंनी पदर तोंडावर ओढला. "मले तो रोग नाई वो बाई, चिमटा घेतला तं समजते मले." मग डोक्यात उजेड पडला. आता डाग लिहू, वांग लिहू, की पुस्तकी 'अतिरंजकता'?

वर्धेकाठचा: काकूंचं बरोबर आहे. दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६चं, मग तपोवन, आनंदवन. आपल्या विदर्भात कुष्ठरोगाचं काम इतकं जुनं, की 'अंगावर चट्टा हाये का?' हा प्रश्न घराघरात ठाऊक आहे. तो चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथे बधिर लागतं. वांग तपकिरी-काळपट, बहुतेक दोन्ही गालांवर सारखाच, कपाळावर, वरच्या ओठावर, आणि स्पर्श पूर्ण कळतो. दोघांना एकच शब्द वापरलात तर वांगवाली घाबरेल आणि खरा चट्टा असलेली 'हा तं वांग' म्हणून घरी बसेल. दुसरं जास्त वाईट. वांगच लिहा.

शब्दवेचा: वांग हा संस्कृत 'व्यंग'. व्याघ्राचा वाघ झाला तसा. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत, व्यंग येतो: तोंडावरचं, न दुखणारं, पातळ, श्याव म्हणजे काळपट रंगाचं मंडल. कारण दिलंय क्रोध आणि आयास.

सरकी: आयास म्हणजे श्रमच ना? दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला तो चुकत नाही. पण माझी आजी सांगायची, वांग्याच्या सालीचा रंग म्हणून वांग. बहिणीला दिवस गेले तेव्हा तिला वांग्याची भाजी वर्ज्य होती, गालावर वांग उतरेल म्हणून.

शब्दवेचा: वांगं 'वातिंगण'वरून आलं. दोघांचा संबंध नाही. गरोदरपणी वांग येतो तो संप्रेरकांनी, काहींना गर्भनिरोधक गोळ्यांनीही, आणि ऊन त्याला गडद करतं. बहिणीची भाजी उगाच गेली.

सरकी: भाजीचं मान्य. पण व्युत्पत्ती बरोबर म्हणून पत्रिकेत 'व्यंग' छापू नका. आज व्यंग म्हणजे अपंगत्व. लग्नाच्या मुलीच्या हातात तो कागद पडला तर?

शुद्धमराठी: व्यंग नको, पण खाली कोणी वांगासाठी 'झाई' सुचवण्याआधीच सांगतो, ती हिंदी आहे. पत्रिका मराठी असेल तर मराठीच राहू द्या.

वर्धेकाठचा: १९५६पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. माझी माय 'झाई आली' म्हणते, तिची मराठी मी तपासायला जात नाही. जो शब्द ऐकून बाई वेळेवर डॉक्टरकडे जाईल तो शब्द चांगला.

शुद्धमराठी: मग भाषा उरणार कशी? आपल्याकडे 'रापणं' आहे, 'काळवंडणं' आहे, 'लासं' आहे.

सरकी: रापणं सगळ्या तोंडाचं, वेचणी संपली की महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. वांग तसा आपसूक उतरत नाही. लासं जन्माचं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

गोडंबी: आणि बिब्याचा डाग? आमच्या आळीतल्या बाया बिबे फोडतात, तेल उडून हात काळे पडतात. 'बिबा उतला' म्हणतात. माझ्या मामीनं कोणाच्या तरी सांगण्यावरून वांगावर बिबा लावला होता. फोड आले, वांगापेक्षा काळा डाग राहिला, तो मी लहानपणापासून बघतोय. पत्रिकेत हे ठळक छापा.

पऱ्हाटी: छापते. आणखी एक, घरचंच. माझ्या जावेनं तालुक्याच्या एका दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. पंधरा दिवसांत गाल उजळले. सहा महिन्यांनी कातडी कागदासारखी पातळ, तांबडी, उन्हात गेलं की आग; बंद केली की पुरळ. त्यात स्टेरॉइड होतं. हायड्रोक्विनोन हे डाग फिके करायचं औषधसुद्धा डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक महिनेच लावतात. आणि उन्हापासून जपलं नाही तर सगळं वाया. टोपरं, दुपट्टा, सनस्क्रीन, शक्य तर लोहऑक्साइड असलेलं रंगीत. वांग हळू जातो, परतही येतो, हे आधी सांगितलं तर बाई ट्यूबमागे धावणार नाही.

वर्धेकाठचा: जावेनं दुकानात काय नावानं मागितली?

पऱ्हाटी: "गोरं व्हायची." वांगाचं नाव घेतलंच नाही, दुकानदारानंही विचारलं नाही.

शुद्धमराठी: मग तुमचा 'वांग' शब्द तरी तिथे कुठे कामी आला?

गोडंबी: ते असू द्या. तो वांग की ते वांग? आमच्या घरी 'वांग आलं' म्हणतात, इथे सगळे 'आला' लिहितायत.