मदत हवी आहे : स्ट्रेंथ निम्मी केली आणि डिलॅमिनेशनचा आलेख जुळला! हे चालेल का?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. एम.टेक.चं शेवटचं वर्ष, विषय कार्बन-इपॉक्सी लॅमिनेटमधलं डिलॅमिनेशन, म्हणजे थर एकमेकांपासून सुटणं. सी-२९५ विमानांची जुळणी इथे व्हायला लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक काका "मग तुझी नोकरी पक्की!" म्हणतो. इकडे एक साधी पट्टी सोलताना माझा जीव मेटाकुटीला आलाय.

डीसीबी चाचणी (आधीच भेग असलेल्या पट्टीच्या दोन्ही बाजू ओढून थर सोलायचे) झालीय. सगळे प्लाय (थर) ०°, म्हणजे तंतू पट्टीच्या लांबीच्या दिशेनं, जाडी ३ मिमी, रुंदी २५, मध्यावर टेफ्लॉनची फिल्म घालून केलेली भेग ५० मिमी. कमाल भार ४६ न्यूटन. मोड-१ची (भेग सरळ उघडतानाची) 'जी', म्हणजे भेग पुढे सरकवायला दर क्षेत्रफळाला लागणारी ऊर्जा, ०.२५ न्यूटन/मिमी धरून हातानं बीम थिअरी लावली तर ४८ येतात, त्यामुळे चाचणीबद्दल शंका नाही.

मॉडेल अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये. मधल्या थरात कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधल्या चिकटीचं काम करणारे, तुटू शकणारे तुकडे), त्यांची स्ट्रेंथ (किती ताणाला मऊ पडायला लागतात ती) ६० मेगापास्कल, मेश (एका तुकड्याची लांबी) १ मिमी. भार थेट ६१वर जातो आणि पुढे आलेखाला करवतीसारखे दात. व्हिस्कॉसिटी (गणित सुरळीत चालावं म्हणून घातलेला कृत्रिम अवरोध) वाढवली की दात बोथट होतात, पण शिखर आणखी चढतं.

लॅबमधला सिनियर म्हणाला, "स्ट्रेंथ ३० कर, गप्प बसेल." केली, आणि बसलं की! शिखर ४८, दात गायब. गाईड खूश. मला मात्र चैन पडेना. पुढचं काम एल-आकाराच्या ब्रॅकेटचं आहे. त्यात आधीची भेग नाही. बेंड उघडायला लागला की थरांमध्ये ताण येऊन ती तयार होणार. तिथेही ३०च घालायचे? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

चैन पडत नाही ते बरंच आहे. भेगेच्या टोकापुढे जो पट्टा मऊ पडत जातो, त्याची लांबी ढोबळमानानं जाडीच्या दिशेचा ई (ताठरपणा, मेगापास्कलमध्ये) गुणिले जी, भागिले स्ट्रेंथचा वर्ग. ई ९००० धरला तर ०.६ मिमी. तेवढ्यात निदान ३ एलिमेंट बसायला हवेत आणि तुमचा एकच त्याहून मोठा! तो अख्खा एकदम तुटतो, म्हणून दात. ३० केल्यावर पट्टा चौपट झाला, १ मिमीची मेश कशीबशी पुरली. ही युक्ती जुनी आहे. डीसीबीत चालते, कारण भेग आधीच आहे आणि तिथे सगळा कारभार जीचा. ती तुम्ही बदललेली नाही. ब्रॅकेटमध्ये कारभार स्ट्रेंथचा. ३० घातलेत तर तो जवळपास निम्म्या भारालाच फुटेल. तिथे ६०च ठेवा, बेंडपुरती मेश ०.२ करा, आणि आधी २डीत चालवून बघा.

दोन प्रश्न. ०.२५ याच चाचणीतून काढलंत का? मग हातचे ४८ जुळणारच, त्यात पुरावा कसला? आणि फिल्म किती जाड होती? १३ मायक्रॉनच्या वर गेली की टोकाशी रेझिन साचतं, पहिलं शिखर खोटं येतं.

धागाकर्ती

जी याच चाचणीतली. 🙈 फिल्मच्या पाकिटावर २५ मायक्रॉन लिहिलंय. दोन पट्ट्या शिल्लक आहेत. भेग फिल्मच्या पुढे थोडी सरकवून, भार उतरवून पुन्हा ओढते. ०.२ची मेश आज रात्री लावून झोपते.