विहिरीवरच्या जुन्या रुळावर 'बोल्को वॉन' असं नाव, हा माणूस कोण?

मळेवाला_पाचोरा
राम राम मंडळी. आमच्या मळ्यातल्या जुन्या विहिरीवर मोटेच्या काळापासून रुळाचा एक तुकडा आडवा टाकलेला होता, आता विहीर दुरुस्तीला काढली तेव्हा तो खाली घेतला आणि जरा गंज घासला तर बाजूला इंग्रजी उठावाची अक्षरं निघाली, बोल्को वॉन अँड कंपनी, मग स्टील, १८८४ आणि शेवटी जीआयपी. जीआयपी म्हणजे आपल्याकडची जुनी रेल्वे कंपनी एवढं माहीत आहे, पण हे बोल्को वॉन कोण? एक माणूस का दोन? भंगारवाला मागे लागलाय, वडील म्हणतात देऊन टाक, मला द्यावंसं वाटत नाहीये. आणि रुळाला वर-खाली दोन्हीकडे डोकंच आहे, आताच्या रुळासारखा खाली सपाट पाया नाही, असं का?

इतिहासवेडी_जळगाव
दादा अजिबात देऊ नका!! दोन माणसं आहेत ती. हेन्री बोल्को आणि जॉन वॉन. बोल्को मूळचा जर्मन, १८०६ ला मेक्लेनबुर्गमध्ये जन्म, १८२७ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला आला आणि धान्याच्या व्यापारात पडला. म्हणजे आपल्या दाणाबाजारातल्या अडत्यासारखा माणूस, लोखंडाशी काही संबंध नाही. वॉन उलटा, लहानपणापासून लोखंडाच्या कारखान्यात वाढलेला, भट्टी कशी पेटते कशी बिघडते सगळं हाताखालून गेलेलं, पण पैसा नाही. एकाचं भांडवल दुसऱ्याचं कसब असं जमलं आणि १८४१ मध्ये इंग्लंडातच मिडल्सब्रोला लोखंडाचा कारखाना निघाला. हे मिडल्सब्रो म्हणजे १८३१ च्या शिरगणतीत १५४ माणसांचं गाव होतं, १८७१ पर्यंत ते ४० हजारांच्या आसपास गेलं.

सुरुवात मात्र सोपी नव्हती, कच्चं लोखंड स्कॉटलंडहून जहाजाने आणायला लागायचं, त्यात काय सुटणार. १८५० मध्ये वॉन आणि जॉन मार्ली नावाचा खाणीतला जाणकार यांना गावाजवळच एस्टनच्या टेकड्यांत लोहखनिजाचा जाड थर सापडला आणि तिथून सगळं पालटलं. बोल्को १८५३ मध्ये गावाचा पहिला महापौर, १८६८ मध्ये पहिला खासदार, त्याच वर्षी त्याने गावाला मोठी बाग दिली, आल्बर्ट पार्क, अजून आहे. वॉन त्याच वर्षी गेला, बोल्को १८७८ ला. म्हणजे तुमचा रूळ ओतला तेव्हा दोघंही नव्हते, नाव कंपनीचं चालू होतं, १८६४ मध्येच त्यांनी २५ लाख पौंड भांडवलाची लिमिटेड कंपनी केलेली.

रिटायर्ड_पीडब्ल्यूआय_भुसावळ
ताईंनी छान सांगितलं, फक्त एक, रूळ ओतत नाहीत, तापलेला गोळा रोलमधून दाबून काढतात, अक्षरं त्या रोलवरच खोदलेली असतात म्हणून ती उठावात येतात.

दोन डोक्यांचं कारण असं की वरचं डोकं झिजलं की रूळ उलटा करून परत वापरायचा असा हिशोब होता. पण हे रूळ बिडाच्या चेअरमध्ये, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या खुर्चीसारख्या बैठकीत, बसवून लाकडी चावी ठोकून आवळायचे, आणि गाड्यांच्या माराने खालचं डोकं चेअरवर आपटून आपटून खड्डे पडायचे, मग उलटा केला की गाडी खडखडायची. म्हणून ती पद्धत मागे पडली. काढलेले रूळ मग कुठे खांब कुठे तुळई कुठे विहिरीवर, आपल्या भागात लाइनच्या दोन्ही बाजूंच्या गावांत अजून दिसतात.

आणि तो स्टील शब्द बघा, त्याला महत्त्व आहे. एस्टनच्या खनिजात फॉस्फरस जास्त, त्याने पोलाद ठिसूळ होतं, बेसेमरच्या म्हणजे तेव्हाच्या पोलाद करायच्या भट्टीत तो निघायचाच नाही. सिडनी थॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट या भावाभावांनी (आतेमामे की मावस ते सोडा) भट्टीला चुनखडीच्या जातीच्या दगडाचं अस्तर लावून तो काढून दाखवला, आणि मोठ्या प्रमाणावर दाखवला तो १८७९ मध्ये याच कंपनीच्या एस्टनच्या कारखान्यात. बोल्को त्याच्या आदल्या वर्षी वारला, त्याला ते बघायला मिळालं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापूसपट्टा
माहिती भारी आहे पण बागेचं कौतुक करताना हेही लिहा की रुळाचे पैसे कोणी भरले. जीआयपी कंपनीच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती, कंपनीला तेवढं सुटलं नाही तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे आपल्या शेतसाऱ्यातून. रूळ तिकडून यायचे आणि त्याच रुळावरून खानदेशचा कापूस मुंबईला आणि पुढे इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांना जायचा. बोल्को कर्तबगार होता, नाही म्हणत नाही, पण मिडल्सब्रोच्या भट्ट्यांना जे गिऱ्हाईक मिळालं त्यात पाचोऱ्याचा शेतकरी पण आहे.

इतिहासवेडी_जळगाव
@कापूसपट्टा शंभर टक्के बरोबर, आणि म्हणूनच तो तुकडा भंगारात जाता कामा नये, दोन्ही गोष्टी त्या एका रुळावर आहेत.

मळेवाला_पाचोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना शेतसाऱ्याचं वाचून दाखवलं तर ते म्हणाले मग तो आपलाच आहे, राहू दे. आता गंज कसा काढू? शेजारी म्हणतो ग्राइंडर मार.

रिटायर्ड_पीडब्ल्यूआय_भुसावळ
ग्राइंडर नको, अक्षरं जातील. तारेचा ब्रश हलक्या हाताने, रॉकेल लावून पुसा, सुकलं की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. त्याआधी अक्षरांवर कागद धरून कोळसा घासा, ठसा उतरेल, त्याचा फोटो इथे टाका. वर्षाच्या पुढे महिन्याच्या खुणा असतात कधीकधी, त्या पण बघू.