तीर्थनला ट्राउटसाठी गळ कधी टाकायचा? पाण्याच्या तापमानाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी कोथरूडचा. मुळशी, पवनेच्या काठावर रोहू, कटला, चिलापीसाठी गळ टाकून बसायची जुनी सवय, आणि इकडचा हिशोब सोपा आहे, उन्हाळ्यात पहाटे नाहीतर दिवेलागणीला बसायचं, दुपारी मासा खोल जातो. आता एप्रिलमधे हिमाचलला तीर्थन खोऱ्यात चाललोय, मत्स्य विभागाचं लायसन्स तिथेच काढणार, ब्राउन ट्राउट पहिल्यांदाच धरायचाय.

सगळे म्हणतात पहाटे जा. पण बर्फाचं पाणी पहाटेच सगळ्यात गार असणार ना? ट्राउट थंड पाण्यातला मासा हे मान्य, पण ४-५ अंशाला तो खातो का नुसता तळाशी पडून राहतो? १० ते १६ मधे चांगला खातो असं वाचलंय, मग दुपारपर्यंत थांबावं तर वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं, गढूळ होतं म्हणतात. म्हणजे ऊन नदीवर आल्यापासून पाणी चढायच्या आत एवढाच वेळ उरतो, बरोबर का? मासा सोडूनच देणार आहे, त्यामुळे त्याला त्रास होईल अशा वेळी गळ टाकायचाच नाहीये.

प्रतिसाद : दादा, बरोबर धरलंय. एप्रिलमधे पहाटेची घाई नको, साधारण ९-१० नंतर उतरा. गार पाण्यात माशाचं शरीरच मंद चालतं, भूक कमी, मग तो आमिषामागे धावत नाही, संथ खोल डोहात अगदी तोंडासमोरून न्यावं लागतं. आणि नुसता आकडा बघू नका, पाण्याचं तापमान ६ वरून ९ कडे चढत असेल तर मासा हलायला लागतो, तेच ९ वरून उतरत असेल तर गप्प होतो. थर्मामीटर वाहत्या पाण्यात, सावलीत धरा. तुमचा पहाटेचा नियम तिथे कडक उन्हाळ्यात खालच्या पट्ट्यात लागू पडतो. २० च्या वर पाणी गेलं तर गळ गुंडाळून ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाला मात्र जास्त लागतो, दमलेला मासा सोडला तरी नंतर मरू शकतो. हात ओले करूनच धरा, गळाचा काटा बिनदात्याचा, म्हणजे टोकाला उलटा दात नसलेला वापरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडे बंदी असते, तेव्हा तो अंडी घालतो.

धागाकर्ता : खूप आभार, फार मोठी मदत झाली! अजून एकच, वाटेत छोटे ओढे नदीला मिळतात तिथे खाली वेगळं तापमान येईल ना, मग दोन्हीकडे मोजू का नुसतं संगमाखाली?