‘ओके’ चॉक्टॉ भाषेतून आल्याच्या दाव्याला उत्तर

शब्दवेध :
‘ओके’ हा अमेरिकेतील चॉक्टॉ आदिवासींच्या ‘ओके’वरून, म्हणजे ‘तसेच आहे’ या अर्थाच्या उद्गारावरून आला, असे काल येथे ठामपणे लिहिले गेले, म्हणून हे उत्तर. अमेरिकन भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये दाखवून दिले, की २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ही अक्षरे ‘ऑल करेक्ट’ या अर्थाने छापली गेली होती. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून (‘all correct’ऐवजी ‘oll korrect’) त्यांची आद्याक्षरे वापरण्याची तेव्हा तेथे टूमच होती. पुढल्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत, किंडरहुक गावचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणून ती प्रचारात वापरली. ब्यूरन हरले, पण अक्षरे देशभर पसरली.

रानवाट :
छापील पुरावा म्हणजे जन्मदाखला नव्हे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन चॉक्टॉ मूळ मानून ‘ओकेह’ असेच लिहीत. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेतही होकारार्थी ‘वाव के’ आहे. गुलामांच्या तोंडचा शब्द बॉस्टनच्या संपादकांनी टिपून ठेवला असता, असे आपल्याला खरेच वाटते का?

घाटमाथा :
आमच्या घरी मालवाहतुकीचा धंदा होता. ट्रकमागील ‘हॉर्न ओके प्लीज’मधला ‘ओके’ म्हणजे ‘ऑन केरोसिन’, युद्धकाळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांसाठीची सूचना, असे वडील सांगत. त्यांनी उभा जन्म रस्त्यावर काढला. त्यांच्या शब्दापुढे मला वृत्तपत्राची कात्रणे नकोत.

महामार्गवासी :
वडिलांविषयी आदर आहे, पण तो पुरावा होत नाही. त्याच ‘ओके’चा संबंध कोणी टाटांच्या ‘ओके’ साबणाशी जोडतो, मग कोणाचे वडील खरे मानायचे? त्या तीन शब्दांमुळे विनाकारण हॉर्न वाजवण्याला उत्तेजन मिळते, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते रंगवण्यास बंदी केली. तरी माझ्या घरासमोर रात्रभर भोंगे वाजतात, आणि आपण त्या पाटीचे कौतुक करीत आहात!

घाटमाथा :
कौतुक मी कोठे केले? चालकाला आरशात मागचे दिसत नसे, म्हणून हॉर्न मागावा लागे. घरात बसून बंदीचे गोडवे गाणे सोपे आहे.

शब्दवेध :
‘ऑन केरोसिन’ हा विस्तार मागाहून जुळवलेला दिसतो, आणि अशा विस्तारांचाच मला राग आहे. रानवाट, वोलोफ बोलीने ‘ओके’ रुजण्यास हातभार लावला असेल, एवढे मी मान्य करीन. परंतु तेथून बॉस्टनपर्यंतचा एकही दुवा आपण दिलेला नाही.

रानवाट :
१८३९ ची तारीख खोडून काढता येईल असे माझ्याकडे काही नाही, म्हणून ती स्वीकारतो. मात्र ती पहिल्या छपाईची तारीख आहे, पहिल्या उच्चाराची नव्हे, हे आपण आरंभीच लिहावयास हवे होते.