मदत हवी आहे: आउटबोर्ड इंजिन फुल रेसला बंद पडतंय

नमस्कार मंडळी, मालवणात आमची छोटी फायबर होडी आहे, मागे ९.९ एचपीचं टू स्ट्रोक आउटबोर्ड. ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर पहिले काही दिवस मस्त चाललं, आता असं होतंय की किनाऱ्यावरून पहिल्या झटक्यात सुरू होतं, हळू चालवलं तर काहीच तक्रार नाही, पण फुल रेस दिली की दहा-पंधरा मिनिटांत आवाज बसतो, गचके खातं आणि बंद. मग पेट्रोलच्या पाईपमधला रबरी फुगा बघावा तर चपटा झालेला, तो दाबून दाबून कडक केला की लगेच सुरू, आणि थोड्या वेळाने परत तेच.

प्लग नवीन आहेत, कार्बोरेटर साफ झालाय, फिल्टरमध्ये पाणी दिसत नाही, थंड पाण्याची धार पण जोरात येते म्हणजे गरम होऊन बंद पडत नसावं. मेकॅनिक म्हणतो फ्युएल पंपाचा पडदा गेला, पण मला टाकीच्या झाकणातला हवेचा स्क्रू नाहीतर टाकीतली जाळी चोक वाटते, कारण फुगा चपटा म्हणजे मागून पेट्रोल येतच नाही ना? की पाईपचा आतला थर सुटून चिकटत असेल?

कोणी हे बघितलंय का, आधी काय तपासू? वडील एकटे जातात हो, वल्ही-नांगर असतात सोबत, पण मतलई वाऱ्यात (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) होडी बाहेर ओढली जाते, जीवाला घोर लागतो. प्लीज लवकर सांगा.