वाडीत फायबर आलंय, डिश काढून टाकू का?

वाडीवाला: आमच्याकडे फायबर आलंय, केबलवाला म्हणतो टीव्हीपण त्याच वायरवर देतो. पावसात डिशचा सिग्नल जातो म्हणून आई वैतागलीये, पण मॅचच्या वेळी सगळी वाडी बघत असली तर अडकणार नाही ना?

घाटावरचा: नाही हो. जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत, त्याची एक लाईन साधारण अडीच जीबीपीएसची, ती 32 नाहीतर 64 घरांत वाटतात, एचडीला 5-8 एमबीपीएस पुरतात. आणि खरा आयपीटीव्ही, म्हणजे नेटच्या वायरवरून येणारे टीव्ही चॅनल, मल्टिकास्टने येतो, म्हणजे पन्नास घरं एकच मॅच बघत असली तरी मेन लाईनवर चॅनल एकदाच येतो. ओटीटीचं तसं नाही, तिथे प्रत्येकाची स्ट्रीम वेगळी.

चहाबाज: बीएसएनएलने 2024 मध्ये आयएफटीव्ही ही फायबरवरची टीव्ही सेवा काढली ना, 500 च्या वर चॅनल, आणि टीव्हीचा डेटा प्लॅनमधून कापत नाहीत. तुमचा केबलवाला कापतो का ते आधी विचारा, सगळा खेळ तिथेच असतो

खाडीकाठ: डिश इतक्यात काढू नका. वायर पोलवरून ओढलेली असेल तर एक झावळी पडली की टीव्ही, नेट दोन्ही गुल. आणि ओएनटीला (घरातला फायबरचा डबा) इन्व्हर्टरवर घ्या, लोक नेमकं तेच विसरतात.

वाडीवाला: वायर पोलवरूनच आहे 😅 पावसाळा होईपर्यंत दोन्ही ठेवतो मग.